जुन्या चेनसॉचे इंजिन पार्ट पुन्हा बनवायला घेतले तर खपतील का? (बडोदा)

मकरपुरा_लेथ
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे, दोन लेथ, एक मिलिंग आणि एक जुनी सीएनसी. बाबांनी सुरू केलेलं. पंपाचे शाफ्ट, बुश, कपलिंग हे आमचं रोजचं काम. पण गेल्या पावसाळ्यापासून एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलंय. पहिल्यांदा पादऱ्याकडचे एक काका आले, गोणपाटात गुंडाळून हुस्कवर्ना ६१ घेऊन. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, भाई, आनो पिस्टन बनावी आपशो? (याचा पिस्टन बनवून द्याल का?) मी म्हटलं बघतो. त्यांनी चार जणांना सांगितलं आणि आज माझ्या रॅकवर पाच चेनसॉ पडल्यात, दोन ६१, एक स्टिल ०७०, एक होमलाइट एक्सएल-१२ (ही कुणाच्या तरी मामांनी अमेरिकेतून आणलेली) आणि एकीचं नावच पुसलं गेलंय.

सगळ्यांचं म्हणणं एकच, मशीन चांगलं आहे, बॉडी चांगली आहे, फक्त इंजिनचे पार्ट मिळत नाहीत. माझ्या डोक्यात आलं की सिलिंडर-पिस्टनची डाय (ओतायचा साचा) करून छोटा लॉट काढावा का. डायला पैसे घालायचे तर मागणी खरी आहे की नाही ते कळायला हवं. तुमच्यापैकी कुणाकडे जुनी चेनसॉ आहे का, तिला नेमकं काय मिळत नाही, आणि कॉपी पार्टचा अनुभव काय, मोकळेपणाने सांगा.

निलगिरी_पादरा
मागणी आहे दादा, माझ्याकडेच तीन चेनसॉ आहेत. आमचं निलगिरी आणि सुबाभूळ तोडायचं काम, डभोई वाघोडिया सगळीकडे जातो. नवीन हलकी मशीन घेतली होती, पण दिवसभर जाड बुंधा कापायला जुनीच हातात बरी वाटते, आणि उघडली की सगळं समजतं.

कॉपी किटचा अनुभव सांगतो. मागच्या वर्षी ६१ ला बाजारातून सिलिंडर पिस्टन किट आणलं, दुकानदार म्हणाला एकदम ओरिजिनल जैसा. बसवलं, दोन टाक्या पेट्रोल जाळलं, तिसऱ्या टाकीला शेतात मधेच टर्र करून बंद. दोरी ओढली तर हलेना. उघडून बघितलं तर रिंग तुटून तिचा तुकडा एक्झॉस्टच्या पोर्टमधे, म्हणजे धूर जायच्या भोकात, अडकलेला आणि सिलिंडरला वरपासून खालपर्यंत नखाने ओढल्यासारखी रेघ. पोर्टच्या कडेवरून बोट फिरवलं तर ब्लेडसारखी धार, बोट कापलं माझं. दोन माणसं रोजावर होती, ती बसून राहिली, ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. तेव्हा बनवाल तर नीट बनवा, आम्ही दोन पैसे जास्त देऊ.

टूस्ट्रोक_धूर
@निलगिरी_पादरा, हा कॉपी सिलिंडरचा सगळ्यात ठरलेला दोष. पोर्टच्या काठाला चॅम्फर (मोडलेली तिरकी कड) हवा, म्हणजे रिंग त्यावरून घसरत जाते. कंपनीत ते करून येतं, स्वस्त कॉपीत तसंच सोडून देतात. मी नवीन सिलिंडर आला की आधी बारीक दगडाने प्रत्येक पोर्टची धार मोडतो, मग धुतो, मगच बसवतो. दुसरं म्हणजे गजन पिनचे (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) लॉक. किटबरोबर आलेले लॉक वापरूच नका, मऊ असतात, एक निसटला की सिलिंडर गेला. लॉक चांगल्या कंपनीचे वेगळे घ्या. रिंग शक्य असेल तर इटलीच्या कॅबरच्या आणि पिस्टन मिटिऑरचा, तोही इटलीचाच. रिंग सिलिंडरमधे एकटी घालून गॅप बघायचा, बोअरच्या (सिलिंडरचा आतला व्यास) दर २५ मिमीला साधारण ०.१ मिमी, म्हणजे ६१ च्या ४८ मिमी बोअरला ०.२ च्या आसपास.

मकरपुरा_लेथ, तुम्हाला विचारतो, पिस्टन लेथवर गोल काढणार होतात का?

मकरपुरा_लेथ
हो, बिलेट घेऊन टर्न करणार होतो पहिला नमुना. का?

टूस्ट्रोक_धूर
पिस्टन गोल नसतोच. मायक्रोमीटर घेऊन कुठलाही चांगला पिस्टन मोजा, गजन पिनच्या दिशेने थोडा कमी आणि आडव्या दिशेने थोडा जास्त भरेल, शिवाय वरून खाली थोडा निमुळता, कारण डोकं जास्त तापतं तिथे जास्त फुगतं. गरम झाल्यावर तो गोल व्हायला हवा. तुम्ही थंड असताना गोल काढलात की गरम झाल्यावर तो अंडाकृती होणार आणि चिकटणार. मटेरियलही साधं अॅल्युमिनियम नको, सिलिकॉन जास्त असलेलं पिस्टनचंच अॅलॉय हवं, नाहीतर फुगणं आवरत नाही.

सेवउसळ
एवढं वाचून मला कळलं की माझ्या आजीची साटोरी आणि पिस्टन यात साम्य आहे, दोन्ही तापल्यावरच गोल होतात :) मकरपुऱ्यात याल तेव्हा सेव उसळ माझ्याकडून, मला ती ०७० बघायचीय.

दांडियाबाजार
मी पस्तीस वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो.

एक, आपल्याकडे सगळ्यांना राजदूत आणि चेतकची सवय. सिलिंडर बिडाचा, खराब झाला की रिबोअर करा, ओव्हरसाइज पिस्टन घाला, झालं. चेनसॉला ते चालत नाही. सिलिंडर अॅल्युमिनियमचा, आतून क्रोमचा किंवा निकासिलचा पातळ थर. निकासिल हे जर्मनीच्या माहले कंपनीचं, निकेलमधे सिलिकॉन कार्बाइडचे कण, १९६७ च्या सुमारास वँकेल इंजिनासाठी काढलेलं. बोअर मारलात की थर गेला आणि खाली नुसतं अॅल्युमिनियम. म्हणून जगभर या जुन्या चेनसॉना अख्खं सिलिंडर-पिस्टन किट लागतं आणि म्हणून कॉपीचा धंदा चालतो.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. बाळा, त्या पाच मशीन सीझ (पिस्टन चिकटून जाम) का झाल्या ते तू बघितलंस का? पिस्टन मेला हे कळलं, त्याला मारलं कुणी?

निलगिरी_पादरा
ऑइल कमी पडलं असणार, अजून काय.

दांडियाबाजार
असू शकतं. पण ऑइल बरोबर असूनही सीझ होतात. कुठून तरी फुकटची हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, चिकटतं. मशीन बंद करताना आवाज वर चढत असेल, आयडल (रेस न देता चालू राहणं) वरखाली होत असेल तर तोच रोग. तपासायचं असं, सायलेन्सरच्या मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून एक्झॉस्ट बंद कर, कार्बोरेटर काढून त्या जागेला प्लेट लाव, प्लगच्या भोकातून किंवा इम्पल्सच्या नळीतून (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरला नेणारी) साधारण ०.५ बार हवा भर. काटा पडला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोध. मग उलटं, हवा ओढून बघ, कारण काही ऑइल सील (क्रँकच्या टोकांवरच्या रबरी रिंगा) दाबाला धरतात आणि व्हॅक्यूमला सोडतात. हे न करता नवीन किट घातलंस तर सोन्याचं किट घातलंस तरी ते जाणार.

मकरपुरा_लेथ
काका, आज हेच केलं. पहिली ६१, काटा उभाच राहिला नाही. बुडबुडे कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबरी मॅनिफोल्डमधून. बाहेरून एकदम ठीक दिसत होतं, हातात घेऊन वाकवलं तर आतल्या घडीत अर्धा वर्तुळ चीर. वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखं कडक. दुसरी ६१, मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील. ०७० ला दोन्ही सील. होमलाइटला अजून हात लावला नाही.

म्हणजे तीन तपासल्या, तिन्हींत रबर.

वडाचं_झाड
थोडं विषयाबाहेर. बडोद्याच्या रस्त्यांवरचे वड ज्यांच्यामुळे गावाचं नाव वडोदरा, ते तोडायला मशीन सुधारून देताय का? महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावू नका एवढंच.

निलगिरी_पादरा
ताई आम्ही लावलेली निलगिरी तोडतो, बुंध्यातून परत फुटते आणि चार-पाच वर्षात तोडायला येते. वडाला आम्ही हात लावत नाही, चिकाने चेन गोंदासारखी चिकटते आणि मनालाही बरं वाटत नाही. पण २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पडलेली झाडं उचलायला आम्हीच होतो, चार दिवस. रस्ता मोकळा व्हायलाच हवा होता.

वडाचं_झाड
ते मान्य. आमच्या गल्लीत पडलेला गुलमोहर अशाच एका टोळीने काढला होता, पाणी गुडघाभर होतं. तुम्ही असाल तर मनापासून आभार.

स्वाती_रावपुरा
त्याच पुरात माझ्या सासऱ्यांची चेनसॉ तळघरात दोन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर त्यांनी प्लग काढून उलटी केली तर आतून चहासारखं पाणी आणि गाळ आला. लगेच डिझेल भरून ठेवलं होतं म्हणून क्रँकचं बेअरिंग वाचलं, शेजाऱ्यांनी तशीच ठेवली त्यांची गंजून जाम. आमची आजही चालते, पण फ्युएलची नळी, डायफ्राम आणि सील, हे सगळं बदलावं लागलं, आणि शोधायला तीन महिने गेले.

मी वकील आहे म्हणून एक कामाचं सांगते. जुन्या मॉडेलचे पार्ट बनवायला सहसा अडचण नसते, आपल्याकडे पेटंट २० वर्षांचं आणि डिझाइनची नोंदणी जास्तीत जास्त १५ वर्षांची, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मशीनचं ते केव्हाच संपलं. ट्रेडमार्कचं तसं नाही, तो नूतनीकरण करत राहिलं की चालूच राहतो. पार्टवर कंपनीचं नाव किंवा लोगो कोरायचा नाही, खोका तसा रंगवायचा नाही. "अमुक मॉडेलला बसेल असा पार्ट" हे लिहायला ट्रेड मार्क्स अॅक्ट १९९९ च्या कलम ३० मधे सोय आहे, गरजेपुरतं आणि प्रामाणिकपणे लिहिलं तर. स्वतःचं नाव मोठं लिहा, ते बारीक.

सेवउसळ
"मकरपुरा मेड" असा शिक्का मारा दादा, मी पहिला गिऱ्हाईक, माझ्याकडे चेनसॉ नाही पण घेईन.

गुहागरी
कोकणातून. आमच्याकडे वखारीवाले अजून ०७० वर फळ्या पाडतात, १०६ सीसी, आवाज डोंगरापलीकडे जातो. तिला सगळं मिळतं, चायनाचा पिस्टन, सिलिंडर, क्रँक, अख्खी मशीनसुद्धा, कारण आशियात बऱ्याच ठिकाणी अजून लाकूड चिरायला तीच वापरतात. ०७० च्या किटच्या मागे लागू नका, त्या भावात तुम्हाला परवडणार नाही. ६१ चंही तेच. ६१, २६८ आणि २७२ यांचा खालचा भाग एकच, ४८, ५० आणि ५२ मिमी बोअर एवढाच फरक, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) तिघांचा ३४. आमच्या गावात ६१ वर २७२ चं किट चढवलेली दोन मशीन आहेत, चालतात झकास, ६१ सीसीची ७२ होते. म्हणून त्या कुटुंबाचे किट कायम बाजारात.

टूस्ट्रोक_धूर
बरोबर. जी मशीन लोकांनी लाखांनी वापरली तिची कॉपी निघते. खरी पंचाईत होमलाइट, मॅकलॉक, पायोनियर असल्यांची.

पिंट्या_सावली
आरएक्स१०० बाइकची रिंग ५० मिमी, २६८ पण ५० मिमी. मग घालून टाका ना राव, आरएक्सच्या रिंगा कुठेही मिळतात.

टूस्ट्रोक_धूर
@पिंट्या, बोअर जुळला म्हणजे रिंग जुळली असं नसतं रे. रिंगची जाडी पिस्टनच्या खाचेला बसली पाहिजे, आणि टूस्ट्रोकमधे रिंगचं तोंड पिनने अडवलेलं असतं, ती पिन कुठे आहे त्यावर तोंड पोर्टपासून लांब राहतं. तोंड पोर्टवर आलं की टोक बाहेर उसळतं आणि निलगिरीदादांसारखं होतं. मोजल्याशिवाय काही घालू नको.

रबरवाली
मी वाघोडियाजवळ रबर मोल्डिंगमधे आहे, म्हणून हा धागा वाचताना खुर्चीतून पुढे सरकले. जुन्या मशीनमधे साधं नायट्राइल रबर. उष्णता, कंप आणि वय यांनी ते कडक होतंच, त्यात आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं रबर आधी फुगवतं आणि मशीन महिनाभर पडून सुकली की आक्रसतं, चिरतं. नळी, डायफ्राम, टाकीचं ग्रोमेट यांना हे आधी लागतं. नवीन बनवायचं तर सील आणि नळीला फ्लोरोरबर घ्या, ज्याला लोक व्हायटॉन म्हणतात, महाग आहे पण पार्ट एवढासा असतो की ग्रॅममधे मटेरियल जातं. मॅनिफोल्डला वाकायचं असतं, त्याचा कंपाउंड वेगळा निवडावा लागेल, मी नमुने देऊ शकते.

आणि काम झालं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटरमधे पेट्रोल ठेवू नका. हे फुकट आहे, आजपासून करा.

निलगिरी_पादरा
ई-२० आल्यापासून सकाळी पहिल्या दोरीला उचलत नाही हे आम्हाला वाटायचं, आता कळलं. ताई ऑइल किती घालावं? आम्ही अंदाजाने घालतो.

दांडियाबाजार
अंदाज नको. ०७० सारख्या जुन्यांना २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. नव्या चांगल्या टूस्ट्रोक ऑइलवर ५० ला १ म्हणजे २० मिली सांगतात, ते ज्या मशीनच्या पुस्तकात लिहिलंय तिलाच. औषधाच्या दुकानातून मापाची सिरिंज घे, दहा रुपयांची गोष्ट.

कार्बोरेटरच्या डायफ्रामची काळजी नको, टिलटसन आणि वालब्रो दोघांची रिपेअर किट मिळतात. त्या ०७० वर टिलटसनचा एचएल असेल बघ. फ्लोट नसलेला हा डायफ्रामचा कार्बोरेटर आला म्हणून तर चेनसॉ आडवी उलटी कशीही धरता आली, नाहीतर पूर्वी मशीन सरळच धरावं लागे. चेनचीही अशीच गोष्ट आहे. अमेरिकेत जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता, त्याने १९४६ मधे ओंडक्यात एक अळी लाकूड आडवंउभं कसंही पोखरत जाताना बघितली, तिच्या जबड्यावरून आजच्या चेनचा दात निघाला. ओरेगॉन चेन ती हीच. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात, त्या जुन्या तंत्रशाळेत, १८९० पासून पोरांना हेच शिकवायचे, आधी बघ मग हत्यार उचल.

अनघा_के
सगळे इंजिनात रमलात, मला एक बोलायचंय. माझ्या भावाच्या गालावर चौदा टाके आहेत, जुन्या चेनसॉने किकबॅक मारला म्हणून. पट्टीचं टोक फांदीला लागलं आणि मशीन उलटून तोंडावर. त्या मशीनला चेन ब्रेकच (झटका बसला की चेन थांबवणारा) नव्हता. ती परत सुरू करून दिली होती एका मेकॅनिकने, प्रेमाने, अगदी नव्यासारखी. तुम्ही या मशीन जिवंत करताय ते छान आहे, पण ज्याला ब्रेक नाही ती तरुण पोराच्या हातात देऊ नका हो.

टूस्ट्रोक_धूर
ताई, मी तुमच्याशी थोडा असहमत होणार होतो, की नवीन मशीननेही होतं. पण दोनदा वाचून ते खोडलं. ब्रेकने फरक पडतोच.

दांडियाबाजार
पोरी, तुझं बरोबर आहे. आणि मकरपुरा, यातून तुझ्यासाठी एक रेघ आखून घे. ब्रेकचा पट्टा, क्लचचा ड्रम, फ्लायव्हील, हे फिरतं आणि फुटलं तर माणसाला लागतं. टेस्टिंगची सोय नसताना यांची कॉपी करायची नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

मकरपुरा_लेथ
काका, लिहून ठेवलं. अनघाताई, होमलाइट एक्सएल-१२ लाही ब्रेक नाहीये. ज्यांची आहे त्यांना काल फोन करून सांगितलं की मी ती आवाजासाठी आणि मामांच्या आठवणीसाठी सुरू करून देतो, चेन लावून देणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग बरं म्हणाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डायचा विचार सोडला. पिस्टन-सिलिंडर ज्यांचे खपतात त्यांचे आधीच मिळतात, ज्यांचे मिळत नाहीत त्यांचे दहा नग पण जाणार नाहीत आणि अंडाकृती टर्निंग माझ्या मशीनवर होणार नाही. रबरवाली ताईंकडे शनिवारी गेलो होतो. ६१ च्या मॅनिफोल्डचा साचा मी माझ्या मिलिंगवर अॅल्युमिनियममधे काढला, दोन तुकड्यांचा, आतला गाभा वेगळा, आणि त्यांनी त्यात पहिले सहा पीस काढून दिले. पहिल्या तीनला पार्टिंगच्या रेघेवर, म्हणजे साच्याच्या सांध्यावर, जादा रबराची मिशी आली, गाभा अर्धा मिमी सरकला होता, तो पिन मारून धरला. चौथा बसवला. हवा भरली ०.५ बार. मी, बाबा आणि हेल्पर तिघं त्या काट्याकडे बघत उभे. दहा मिनिटं, हलला नाही. मग ओढून बघितलं, तेव्हाही नाही.

जुना पिस्टन काढला, सिलिंडरला लागलेलं अॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने उतरवलं (चष्मा आणि हातमोजे घालून, पोर्टमधे थेंब जाऊ न देता, कारण सिलिंडर स्वतःही अॅल्युमिनियमचाच), खालचा थर शाबूत निघाला. म्हणजे पादऱ्याच्या काकांना सिलिंडर लागलाच नाही, नुसता पिस्टन आणि रिंग. तिसऱ्या दोरीला सुरू झाली.

निलगिरी_पादरा
आयडल धरतंय का?

मकरपुरा_लेथ
धरतंय. जमिनीवर ठेवून चहा पिऊन आलो, तशीच चालू होती.

निलगिरी_पादरा
दादा माझ्या दोन ६१ ला दोन मॅनिफोल्ड ठेवा, आणि मॅग्नेटच्या बाजूचे सील पण. तिसरी मशीन कोणती आहे ते नाव पुसलंय, तुमच्या रॅकवरच्या पाचवीसारखीच असेल तर रविवारी घेऊन येतो, शेजारी ठेवून बघू.

रबरवाली
रविवारी मीही येते. तिचं मॅनिफोल्ड फेकू नका, चिरलेलं असलं तरी चालेल, साच्याला माप तिथूनच मिळणार.